चिचोंडीचा नेमिचंद आणि पाथर्डीची परीक्षा



दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. सकाळची वेळ. बुलढाण्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं धाड हे गाव आहे. या रस्त्यावरून दिवसभर एस.टी., ट्रक, ट्रॅक्टर यांची ये-जा चालू असते. त्या दिवशी मात्र रस्त्याच्या कडेने चार साध्वी पायी चालल्या होत्या. अंगावर पांढरी वस्त्रं, पायात काही नाही, तोंडाला पांढरी चौकोनी पट्टी बांधलेली आणि काखेत लोकरीच्या दोऱ्यांचा एक गुंडा.

माझा पाचवीचा वर्ग खिडकीशी गोळा झाला. मग काय, प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली!

"सर, कोरोना त गेला न! मंग यांनी मास्क काहून लावला?"

"सर, यांच्या पायात चप्पल काहून नाही? काटे रुतत नसन का?"

"एवढ्या एस.टी. जाऊन राहिल्या, तरी बसत काहून नाहीत?"

सगळे एकदम बोलत होते. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा तेवढा गप्प होता. तो जागेवरून उठलाच नाही. तो गप्प का होता, ते मला चांगलं ठाऊक होतं. पण ते शेवटी सांगतो.

तो मास्क नव्हे!

आधी मुलांच्या प्रश्नांची उत्तरं. तोंडावरच्या त्या पट्टीला 'मुहपत्ती' म्हणतात. कोरोनात आपण मास्क लावला तो मुख्यतः आजारापासून वाचण्यासाठी. मुहपत्तीमागचा विचार वेगळाच आहे. आपल्या तोंडातल्या गरम श्वासाने हवेतल्या बारीक जिवांना इजा होऊ नये, म्हणून ती बांधायची. दुसराही एक फायदा आहे. तोंडाशी पट्टी असली की बोलण्याआधी माणसाला आठवण राहते, की बाबा रे, शब्द जपून वापर!

काखेतल्या त्या लोकरीच्या गुंड्याचं नाव 'रजोहरण'. बसण्याआधी, झोपण्याआधी त्याने जागा अलगद झाडायची, म्हणजे मुंगी किंवा किडा अंगाखाली चिरडत नाही. लोकर मऊ असते, म्हणून झाडताना जीव मरतही नाही.

जैन साधू-साध्वी दीक्षा घेताना पाच मोठी व्रतं घेतात. अहिंसा, सत्य, अचौर्य म्हणजे चोरी न करणं, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह म्हणजे साठा न करणं. त्यामुळे त्यांच्याजवळ पैसे नसतात, घर नसतं. ते सहसा वाहनात बसत नाहीत. आपली लाकडी पात्रं, थोडी वस्त्रं आणि ग्रंथ स्वतःच वाहून नेतात. सूर्य मावळल्यावर खात नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत.

जेवणाची पद्धतही पाहण्यासारखी आहे. तिला 'गोचरी' म्हणतात. 'गो' म्हणजे गाय. गाय चरताना इथलं थोडं, तिथलं थोडं गवत खाते, मुळासकट उपटत नाही. तसंच साधू अनेक घरांतून थोडं थोडं अन्न घेतात. कुणा एकाच घरावर भार नको.

पावसाळ्यात जमिनीवर किडा-मुंगी, कोवळं गवत फार असतं. चालताना ते पायाखाली येणार. म्हणून चार महिने साधू एकाच गावी राहतात. तो चातुर्मास. कार्तिकी पौर्णिमेनंतर त्यांचा पायी प्रवास, म्हणजे 'विहार', पुन्हा सुरू होतो. आता कळलं ना, दिवाळीनंतरच त्या साध्वी आमच्या रस्त्याने का दिसल्या ते?

"सर, असे साधू आपल्या महाराष्ट्रातले पण असतात का?" एका मुलीने विचारलं.

असतात तर! एकाची गोष्ट मी त्या दिवशी वर्गाला सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो. ही गोष्ट आहे आचार्य आनंदऋषींची. आणि हो, या गोष्टीत परीक्षासुद्धा आहे बरं का!

तेरा वर्षांचा नेमिचंद

अहिल्यानगर जिल्ह्यात (तेव्हाचा अहमदनगर जिल्हा) पाथर्डी नावाचा तालुका आहे. कमी पावसाचा, खडकाळ मुलूख. या तालुक्यातल्या चिचोंडी गावी २७ जुलै १९०० रोजी एक मुलगा जन्मला. वडील देवीचंद, आई हुलसाबाई. मुलाचं नाव ठेवलं नेमिचंद.

नेमिचंद तेरा वर्षांचा होता तेव्हा त्याला रत्नऋषी नावाचे गुरू भेटले. त्यांच्या सहवासात त्याचं मन असं रमलं, की आपणही साधू व्हायचं असं त्याने ठरवलं. १९१३ साली, जवळच्याच मिरी गावी त्याने दीक्षा घेतली. नेमिचंद हे नाव मागे राहिलं. नवं नाव मिळालं आनंदऋषी.

इथे पालकांसाठी दोन शब्द. तेरा वर्षांच्या मुलाने घर सोडलं, ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. तो काळ वेगळा, त्या रीती वेगळ्या. आज तेरा वर्षांच्या मुलाची जागा शाळेत आहे आणि कायद्यानेही त्याला तो हक्क दिला आहे. आपण या गोष्टीतून घर सोडणं घ्यायचं नाही. त्या मुलाने पुढे काय केलं, ते घ्यायचं.

आणि त्याने केलं काय? तर अभ्यास! साधू झालो, आता कोण प्रश्न विचारणार, असं त्याला वाटलं नाही. उलट खरा अभ्यास तिथून पुढेच सुरू झाला. पंडित राजधारी त्रिपाठी यांच्याकडे तो संस्कृत आणि प्राकृत शिकू लागला. स्तोत्रं पाठ करायची, व्याकरण समजून घ्यायचं, आणि रोजची पायपीट चालूच. पुढे आनंदऋषींना मराठी, हिंदी, संस्कृत, प्राकृत, उर्दू, फारसी, इंग्रजी अशा कितीतरी भाषा अवगत झाल्या. १९२० साली, म्हणजे विसाव्या वर्षी, त्यांनी अहमदनगरला आपलं पहिलं जाहीर प्रवचन दिलं.

प्राकृत म्हणजे आपलीच आजी

तुम्ही म्हणाल, सर, प्राकृत ही कुठली भाषा? अहो, ती तर तुमच्या तोंडात रोज असते!

अडीच हजार वर्षांपूर्वी भगवान महावीरांनी उपदेश केला, तो विद्वानांच्या भाषेत नाही तर साध्या लोकांना कळेल अशा बोलीत. जैनांचे जुने धर्मग्रंथ, ज्यांना 'आगम' म्हणतात, ते अर्धमागधी नावाच्या प्राकृत भाषेत आहेत. तिचीच एक बहीण म्हणजे महाराष्ट्री प्राकृत. आणि आपली मराठी या महाराष्ट्री प्राकृतातूनच आली.

मी फळ्यावर चार शब्द लिहिले. पाहा:

संस्कृत हस्त, प्राकृत हत्थ, मराठी हात.
संस्कृत कर्ण, प्राकृत कण्ण, मराठी कान.
संस्कृत दुग्ध, प्राकृत दुद्ध, मराठी दूध.
संस्कृत सप्त, प्राकृत सत्त, मराठी सात.

"सर, हे त डोंगरावरून गोटा घरंगळत आल्यासारखं झालं. कोपरे घासत घासत गोल झाला!" एक जण म्हणाला. मला ही उपमा इतकी आवडली, की तो तास मी तिथेच दहा मिनिटं थांबलो.

गंमत म्हणजे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा त्याच दिवशी प्राकृत भाषेलाही तो मिळाला. आजीचा आणि नातीचा सत्कार एकाच मांडवात झाला म्हणा ना!

हिंगणघाटचा पावसाळा

आनंदऋषी गुरूंसोबत चौदा वर्षं राहिले. त्यांच्याबरोबर गावोगाव फिरले, त्यांच्याकडून शिकले. आणि १९२७ साली आपल्या विदर्भातच, वर्धा जिल्ह्यातल्या अलिपूर इथे रत्नऋषींनी देह ठेवला.

आनंदऋषींचं वय तेव्हा सत्तावीस. तेराव्या वर्षापासून ज्यांचा हात धरून चाललो, ते आता नाहीत. त्या वर्षीचा चातुर्मास जवळच्याच हिंगणघाटला होता. गुरूंशिवायचा हा पहिलाच पावसाळा. अडलं तर विचारायला कुणी नाही. आता लोकच यांना विचारणार.

मुलांनो, तुमच्यापैकी कुणाचं आजोबा-आजी, कुणाचं आणखी जवळचं माणूस गेलं असेल. त्यानंतरचा पहिला सण, पहिला निकाल कसा जातो, ते तुम्हाला कळतं. गेलेल्या माणसाने जे शिकवलं ते पुढे चालू ठेवणं, एवढंच आपल्या हाती असतं. आनंदऋषींनी तेच केलं. कसं, ते आता पाहा.

पाथर्डीची परीक्षा

पायी हिंडताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. लोक श्रद्धाळू आहेत, सूत्रं पाठ म्हणतात, उपवास करतात. पण त्या सूत्राचा अर्थ काय, उपवास कशासाठी, असं विचारलं तर पुष्कळांना सांगता येत नाही. पोपटासारखी घोकंपट्टी!

यावर उपाय काय? नुसती प्रवचनं देऊन हे होणार नव्हतं. ऐकलेलं माणूस उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत विसरतो. हे आम्हा मास्तरांना कुणी सांगायला नको!

२५ नोव्हेंबर १९३६ रोजी पाथर्डीला एक परीक्षा मंडळ सुरू झालं. त्याचं नाव 'श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड'. दहावी-बारावीचं जसं बोर्ड असतं, तसं हे धर्मशिक्षणाचं बोर्ड. ठरलेला अभ्यासक्रम, सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला परीक्षा. एक पायरी नीट चढल्यावर पुढची.

आणि परीक्षेला कोण बसायचं? गृहस्थ तर बसायचेच, पण साधू आणि साध्वीसुद्धा! कल्पना करा, ज्यांच्या पाया लोक पडतात, ते साधू आपली उत्तरपत्रिका लिहीत आहेत. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. पांढरी वस्त्रं घातली म्हणून ज्ञान आपोआप येत नाही, ते मिळवावं लागतं, हे या बोर्डाने सगळ्यांना सांगितलं. साध्वींसाठी तर याचं मोल फार मोठं होतं. ज्या काळात मुलींना चार इयत्ता शिकवायलाही लोक तयार नसत, त्या काळात साध्वी मोठमोठे ग्रंथ अभ्यासून परीक्षा देऊ लागल्या.

आता त्या नावाकडे परत एकदा बघा. 'रत्न' म्हणजे गुरू रत्नऋषी. 'तिलोक' म्हणजे रत्नऋषींचे गुरू तिलोकऋषी. स्वतः स्थापन केलेल्या मंडळाला आनंदऋषींनी नाव दिलं ते गुरूंचं आणि गुरूंच्या गुरूंचं. स्वतःचं नाव त्यात कुठेच नाही!

बिल्ला काढून ठेवला

जैन धर्मात दिगंबर आणि श्वेतांबर असे दोन मोठे पंथ आहेत. श्वेतांबरांमध्ये मूर्तिपूजा न मानणारी एक शाखा आहे, ती स्थानकवासी. देवळाऐवजी 'स्थानक' नावाच्या साध्या सभागृहात ते जमतात. आनंदऋषी या शाखेचे.

या एका शाखेतही साधूंचे अनेक लहान-लहान संप्रदाय होते. प्रत्येकाचा आचार्य वेगळा, प्रत्येकाची शिस्त थोडी निराळी. हे सगळे एकत्र यावेत, अशी खटपट बरीच वर्षं चालू होती. १९३१ साली आनंदऋषींनी चौथमलजी महाराजांशी याबद्दल चर्चा केली होती. हे चौथमलजी 'जैन दिवाकर' म्हणून ओळखले जात.

शेवटी १९५२ साली राजस्थानातल्या सादडी गावी मोठं संमेलन भरलं आणि 'श्रमण संघ' हा एकच संघ स्थापन झाला. पण संघ एक, तर आचार्यही एकच हवा. मग बाकीच्यांनी काय करायचं? त्यांनी आपापली पदं सोडून दिली! आनंदऋषी तेव्हा ऋषी संप्रदायाचे आचार्य होते. त्यांनीही आपलं पद सोडलं. आत्मारामजी महाराज संघाचे पहिले आचार्य झाले आणि आनंदऋषींकडे प्रधानमंत्रिपदाचं काम आलं. प्रधानमंत्री म्हणजे संघाचा कारभार पाहणारे.

हे वर्गात सांगताना मी मुलांना विचारलं, "समजा, तिन्ही तुकड्या मिळून एकच वर्ग केला. मॉनिटर तीन. आपला बिल्ला काढून कोण देईल?" वर्ग एकदम चिडीचूप! आमच्या वर्गाच्या मॉनिटरने तर बिल्ल्यावर हातच ठेवला.

तर असं ते अवघड काम. पुढे १९६४ साली राजस्थानातच अजमेर इथे त्याच संघाने आनंदऋषींना आपले दुसरे आचार्य केलं. सोडलेलं पद बारा वर्षांनी अधिक मोठं होऊन परत आलं.

आता थोडं गणित. अहिल्यानगर ते अजमेर हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजलं तरी आठशे किलोमीटरच्या वर भरतं. रोज पंधरा किलोमीटर चाललं तर किती दिवस लागतील? आमच्या वर्गाने उत्तर काढलं, चोपन्न दिवस. पण रस्ता काही सरळ रेषेत नसतो. मध्ये नर्मदा, तापी, घाट, जंगलं. म्हणजे दोन महिन्यांहून जास्तच! आणि आनंदऋषी अजमेरला थांबले नाहीत. पंजाबपर्यंत त्यांची पावलं गेली. १९१३ ते १९९२, अठ्ठ्याहत्तर वर्षं हा माणूस साधू म्हणून जगला.

१३ फेब्रुवारी १९७५ रोजी पुण्यात त्यांना 'राष्ट्रसंत' म्हणून गौरवण्यात आलं. राष्ट्रसंत म्हटलं की आपल्याला विदर्भात तुकडोजी महाराज आठवतात. दोघांचे मार्ग वेगळे, पण लोकांच्या भाषेत बोलणं आणि गावोगाव फिरणं दोघांतही सारखंच! आनंदऋषींची प्रवचनं 'आनंद प्रवचन' या नावाने अनेक भागांत छापली गेली. २८ मार्च १९९२ रोजी अहमदनगरला त्यांनी देह ठेवला. तिथे 'आनंदधाम' हे त्यांचं स्मारक आहे आणि त्यांच्या नावाचं मोठं रुग्णालयही आहे. ९ ऑगस्ट २००२ रोजी टपाल खात्याने त्यांचं चार रुपयांचं तिकीट काढलं. तुमच्यापैकी कुणाला तिकिटं जमवायचा छंद असेल तर शोधा!

धाड कोणत्या दिशेला?

आनंदऋषींनी जन्मभर जी शिकवण अभ्यासली आणि लोकांना सांगितली, तिच्यातली अहिंसा आणि अपरिग्रह तर आपण पाहिलेच. पण आणखी एक फार सुंदर विचार आहे. त्याचं नाव 'अनेकांत'.

नाव जरा जड आहे, पण समजायला सोपं. मी वर्गाला विचारलं, "सांगा पाहू, आपलं धाड कोणत्या दिशेला आहे?"

मुलं गोंधळली. मी नकाशा लावला. बुलढाण्यात उभं राहिलं तर धाड नैऋत्येला. भोकरदनला उभं राहिलं तर हेच धाड ईशान्येला! बुलढाण्याचा मुलगा आणि भोकरदनचा मुलगा यावरून भांडायला लागले तर? दोघंही खरं बोलताहेत, आणि दोघंही समजताहेत की दुसरा खोटं बोलतो. भांडण मिटवायचं असेल तर एकच प्रश्न विचारायचा: "तू कुठे उभा राहून बघतोस?"

हाच अनेकांत. प्रत्येक गोष्टीला अनेक बाजू असतात. मला दिसते ती बाजू खरी असली, तरी तेवढंच सगळं खरं नसतं. म्हणून निकाल देण्याआधी दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बघायचं. जैन विचारवंत म्हणतात, अहिंसा फक्त हाताने नाही, विचारानेही पाळायची असते. दुसऱ्याचं म्हणणं न ऐकताच त्याला खोटं ठरवणं, ही विचारांची हिंसाच.

एवढं बोललो आणि माझं लक्ष शेवटच्या बाकाकडे गेलं.

माझी परीक्षा

आता ती राहिलेली गोष्ट.

दिवाळीच्या आधी आमच्या वर्गाची गणिताची चाचणी झाली होती. 'एक किलोमीटर म्हणजे किती मीटर?' असा साधा प्रश्न होता. शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन मुलांनी उत्तर लिहिलं, १०० मीटर. दोघांची चूक एकच! मी लगेच ठरवून टाकलं की ही कॉपी. त्यातला एक जरा हूड. मग दुसऱ्याला काही न विचारता मी त्यालाच उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर नको नको ते बोललो. तो म्हणत होता, "सर, मी नाही पाहिलं." मी म्हटलं, "खोटं बोलू नको."

दुसऱ्या दिवशी तो काही न बोलता माझ्या टेबलावर आपली वही ठेवून गेला. पान उघडंच होतं. त्यावर लिहिलं होतं: १ किलोमीटर = १०० मीटर. मी दुसऱ्या मुलाची वही मागवली. तिच्यातही तेच.

फळ्यावरून उतरवलेलं होतं ते. घाईघाईत एक शून्य मीच खाल्लं होतं! बाकीच्या मुलांनी पुस्तकातून पाठ केलं, म्हणून त्यांचं बरोबर आलं. या दोघांनी माझ्या फळ्यावर विश्वास ठेवला, म्हणून त्यांचं चुकलं.

डी.एड.ला असताना आम्हाला शिकवलं होतं, की मूल चुकलं तर आधी चुकीचं कारण शोधा. ते मला परीक्षेत पूर्ण गुण मिळवून देणारं उत्तर होतं. वर्गात मात्र मी ते विसरलो.

आणि खरं सांगू? वही पाहून झाल्यावर मी त्या मुलाला एवढंच म्हणालो, "ठीक आहे, बस जागेवर." बोललो होतो सगळ्यांसमोर, आणि चूक मात्र मनातल्या मनात मानली. तेव्हापासून तो तासाला गप्प बसू लागला. हात वर करणं त्याने सोडून दिलं.

जैन धर्मात पर्युषण नावाचं पर्व असतं. श्वेतांबरांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरीचा. त्या दिवशी लहान-थोर सगळे एकमेकांना एक प्राकृत वाक्य म्हणतात, 'मिच्छामि दुक्कडं'. अर्थ असा, की माझ्या हातून जे वाईट घडलं ते निष्फळ होवो, मला क्षमा करा. बाप मुलाला म्हणतो, सासू सुनेला म्हणते, मालक नोकराला म्हणतो. साधूसुद्धा म्हणतात. क्षमा मागण्यात वय आणि पद आडवं येत नाही.

हे मी वर्गाला सांगत होतो आणि माझा आवाज बारीक होत चालला होता. ज्या साधूंनी भरल्या संघात आचार्यपद उतरवून ठेवलं त्यांची गोष्ट सांगायची, आणि स्वतःला मात्र पाचवीच्या मुलापुढे वाकता येत नाही!

मी त्याच्या बाकापाशी गेलो. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "त्या दिवशी चाचणीत तू कॉपी केली नव्हतीस. चूक माझ्या फळ्याची होती. मी तुझं ऐकून घेतलं नाही. मिच्छामि दुक्कडं."

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तो उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, मग मित्रांकडे बघितलं आणि म्हणाला,

"मंग सर, ते दोन मार्क देता का?"

सगळा वर्ग खो-खो हसला. मीही हसलो. मार्क दिले, दोघांनाही दिले. आणि पुढच्या तासाला त्याने हात वर केला. उत्तर चुकलं होतं, पण हात वर होता.

मुलांनो, पाथर्डीच्या परीक्षेला बसण्याआधी निदान अभ्यासक्रम तरी माहीत असतो. ही दुसरी परीक्षा मात्र न सांगता येते आणि शिक्षकांना, आई-बाबांनासुद्धा द्यावी लागते. तुमच्या घरात असं कुणाचं ऐकून घ्यायचं राहिलं असेल तर संवत्सरीची वाट पाहू नका. आजच विचारा, "तू कुठे उभा राहून बघतोस?"

करून पाहा

१. महाराष्ट्राच्या नकाशावर पाथर्डी, अहिल्यानगर, पुणे आणि हिंगणघाट शोधा. दोरा लावून अंतर मोजा. रोज पंधरा किलोमीटर चाललं तर पाथर्डीहून हिंगणघाटला पोहोचायला किती दिवस लागतील?

२. तुमचं गाव दोन वेगवेगळ्या गावांहून कोणत्या दिशेला येतं, ते लिहा.

३. हात, कान, दूध, सात यांसारखे आणखी पाच मराठी शब्द घ्या आणि त्यांची संस्कृत रूपं आपल्या सरांना किंवा बाईंना विचारा.

४. ज्याच्यावर तुम्ही अलीकडे विनाकारण रागावलात, अशा एका माणसाची क्षमा मागा. यात मात्र आई-बाबांनीही भाग घ्यायचा आहे!